डावीकडचा नट उलटा असतो

लोणी काळभोरला सोलापूर रस्त्याच्या कडेनं वेल्डिंगची, फॅब्रिकेशनची, टँकर दुरुस्तीची दुकानं आहेत. एकीकडे तेलाचे डेपो, दुसरीकडे मुळा-मुठेच्या पाण्यावरचा ऊस. लोखंडाच्या कामाला इथे खळ नाही. प्रत्येक दुकानात एक बेंच ग्राइंडर असतोच. छिन्नी, ड्रिल, ऊसतोडीचे कोयते, कडबाकुट्टीची पाती, सगळ्यांची धार त्याच्यावर. दगड झिजला की बदलायचा, आणि बदलायला गेलं की नट जागचा हलत नाही. या एका नटापायी वाकलेले पाने, तडकलेले दगड आणि सोललेली बोटं मी पाहिली आहेत. त्यातून जे कळलं ते असं.

१. आधी पिन काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. पिन काढून ती दिसेल अशी टेबलावर ठेवा. मगच बाजूचं झाकण उघडा.

२. ताकद लावण्याआधी दिशा बघा. ‘जाम झालाय’ म्हणून दाखवलेले निम्म्याहून अधिक नट जाम नसतातच, माणूस त्यांना आवळत असतो. मशीनसमोर उभं राहिलं की उजव्या हाताचा नट नेहमीच्या, सुलट्या आट्यांचा असतो आणि डाव्या हाताचा उलट्या आट्यांचा. यामागे कारण आहे. दगडाचा वरचा भाग आपल्याकडे येतो आणि समोरून खाली जातो. मशीन चालू करताच शाफ्ट झटक्यानं फिरतो, नट क्षणभर मागे रेंगाळतो. त्या रेंगाळण्यानं तो सुटू नये, उलट घट्ट बसावा, म्हणून दोन टोकांना दोन दिशांचे आटे पाडलेले असतात. दोन्हीकडे सुलटेच आटे असते तर डावा नट चालत्या मशीनवर सैल झाला असता.

पोरांना मी हे डावं-उजवं पाठ करायला लावत नाही. एकच खूण सांगतो: पाना नटावर उभा लावा, दांडा वर, आणि आपल्याकडे ओढा. दोन्ही बाजूंना नट याच दिशेनं सुटतो, कारण दगड फिरतो तीच त्याची सुटायची दिशा. ज्यांनी गॅस कटिंग केलंय त्यांना उलटे आटे नवे नाहीत. ऑक्सिजनचा नट सुलटा आणि ॲसिटिलीनचा उलटा, हे त्यांच्या हाताला माहीत असतं. सायकलचं डावं पायडलही उलट्या आट्यांचंच.

३. दिशा बरोबर असूनही नट हलत नसेल तर शाफ्ट नटाबरोबर फिरतोय का ते पाहा. तो धरायला उत्तम जागा म्हणजे पलीकडचा नट. त्याला रिंग पाना लावा, दांडा टेबलाला टेकवा आणि अलीकडचा नट ओढा. पलीकडचा नट त्या ओढीनं आणखी आवळतो, त्यामुळे पकड सुटत नाही. म्हणून एका वेळी एकच दगड काढा. तो बसवून झाला की मग दुसऱ्याला हात लावा. दुसरा पाना नसेल तर दगड आणि काम टेकवायचं टेकण यांच्यामध्ये मऊ लाकडाची पाचर बसवा. लोखंडी पहार अडकवणारे आहेत, त्यांच्या दगडाचा टवका उडतो. टवका उडालेला दिसतो तरी. आतली चीर दिसत नाही, तिची मला जास्त भीती वाटते.

४. स्क्रू पाना नको. त्यानं नटाचे कोपरे गोल होतात आणि मग कोणताच पाना बसत नाही. मापाचा रिंग पाना घ्या आणि दांड्यावर हाताच्या तळव्यानं एक आखूड, जोरकस झटका द्या. आधीच गंजलेले आटे पाईप घालून रेटत राहिल्यानं मरतात. झटक्यानं गंज तुटतो.

५. गंज फारच असेल तर तेल. पण थेंबानं, काडीच्या टोकावरून, फक्त आट्यांवर. स्प्रेचा फवारा मारू नका. दगड सच्छिद्र असतो, तेल पितो, एका बाजूला जड होतो आणि मग थरथरायला लागतो. तेल सोडून रात्रभर थांबायची तयारी ठेवा. आणि गॅसची ज्योत तर मुळीच नको. नट तापतो तसा शेजारचा दगडही तापतो, आणि एकाच जागी तापलेला दगड तडकतो.

६. नवा दगड वाजवून घ्या. मधल्या भोकात बोट घालून तो लटकता धरा आणि लाकडी मुठीनं कडेजवळ हलकेच टोका. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर दुकानदाराला परत द्या. भारतात हे दगड बनवण्याचा कारखाना आपल्याच उरणजवळ, मोऱ्याला १९४१ साली निघाला, तेव्हापासून दगड बदलले, परीक्षा तीच आहे. दगडावर छापलेला वेग मशीनच्या पाटीवरच्या वेगापेक्षा कमी असेल तर तो दगड त्या मशीनचा नाही. आठ इंची दगड मिनिटाला २८०० फेरे घेतो तेव्हा त्याची कड ताशी १०० किलोमीटरच्या वर धावत असते, आणि समोर आपला चेहरा असतो.

७. नट जाम होतो तो पुष्कळदा गेल्या वेळी आवळणाऱ्याच्या हातून. दगडाच्या दोन्ही अंगांच्या कागदी चकत्या जागेवर ठेवा, फ्लँज पुसून घ्या आणि साध्या पान्यानं, पाईप न घालता, दगड सरकणार नाही इतपतच आवळा. बाकीचं मशीन स्वतः करतं. टेकण दगडापासून ३ मिलिमीटरच्या आत आणा, झाकण लावा, मशीन चालू करून बाजूला उभे राहा आणि मिनिटभर रिकामं फिरू द्या. चष्मा घातल्याशिवाय समोर यायचं नाही.

८. पावसाळ्यात तुकोबांची पालखी लोणीचा मुक्काम करून पुढे जाते, त्यानंतर धारेचं काम थंडावतं. मशीन दमट हवेत तसंच पडून राहतं. गळीत हंगामाच्या तोंडावर कोयते येऊन पडतात आणि नेमका तेव्हाच नट रुसतो. म्हणून माझी दुकानदार मित्रांना विनंती आहे: खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू वाहण्याआधी पिन काढा, आधी एका आणि मग दुसऱ्या बाजूचा नट सोडा, आटे तारेच्या ब्रशनं साफ करा, तेलाचं बोट फिरवून पुसून घ्या आणि नट पुन्हा बसवा. हळदकुंकू मशीनच्या अंगावर वाहा, दगडावर पाणी शिंपडू नका. आणि हे करताना दुकानातल्या सगळ्यात लहान पोराला शेजारी उभं करून डावीकडचा नट त्याच्या हातानं सोडवून घ्या.