फॉरमॅट मारण्याआधी स्क्रीन वाचा

उबुंटूचं अपडेट चालू असताना वीज गेली, यूपीएसनेही दम तोडला आणि त्यानंतर मशीन लॉगिनपर्यंत येईना. पानशेतला पावसाळ्यात हे नवं नाही. मशीन पुण्यात दुरुस्तीला नेलं, तर तिथल्या गृहस्थांनी मॉनिटरसुद्धा न जोडता निदान केलं, ‘‘काका, सिस्टिम करप्ट. फॉरमॅट मारावा लागेल, डेटाची गॅरंटी नाही. आणि हे लिनक्स-बिनक्स काढा हो, विंडोज टाकून देतो.’’ गावातल्या लोकांचे अर्ज, दाखल्यांची स्कॅन, सगळं त्याच डिस्कवर. मी नको म्हटलं, तर ‘चेकिंग चार्ज’ घेतला. कसलं चेकिंग? पावती मागितली तर हसला.

घरी आणून मशीन चालू करताना एस्केप दाबलं (जुन्या मशीनवर शिफ्ट), प्रगत पर्यायांतून रिकव्हरी मोड आणि तिथून रूट शेल उघडलं. आधी ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ द्यावं लागतं, नाहीतर डिस्क फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. मग पॅकेज बसवणाऱ्या ‘अ‍ॅप्ट’ला काम सांगितलं आणि समोर चक्क ओळ आली: डीपीकेजीचं काम अर्धवट तुटलंय, ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा. रोगाचं नाव आणि औषध एकाच चिठ्ठीवर! ते वाचायचेही कष्ट त्या माणसाने घेतले नव्हते. अजूनही आठवलं की डोकं तापतं.

पॅकेज बसतं ते दोन टप्प्यांत: आधी फाइली उलगडतात, मग जुळणी होते. माझी वीज गेली ती नेमकी मधे. ही कमांड राहिलेली जुळणी पुरी करते आणि फाइली आधीच उतरलेल्या असल्याने त्यासाठी सहसा इंटरनेट लागत नाही. आमच्याकडे रेंजचे जे हाल आहेत, त्यात हे मोठं सुख. एखादं पॅकेज तरीही अडलं तर ‘अ‍ॅप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. ते राहिलेले भाग नेटवरून आणतं. मात्र ते काय काय काढून टाकणार, ती यादी ‘वाय’ दाबण्याआधी वाचा. यादीत ‘उबुंटू-डेस्कटॉप’ दिसलं तर थांबा.

कमांड ‘लॉक’ आहे म्हणून अडली, तर ‘लॉक फाइल उडवून टाक’ असं सांगणारे फार भेटतील. मागे आपोआप अपडेट चालू असेल, तर लॉक उडवल्यानेच आणखी बिघडतं. थोडं थांबून बघा. ‘डीएफ -एच’ने जागाही तपासा, ‘/बूट’ भरलेलं असलं तरी असंच अडतं. बॅकअप ठेवा, हे सगळेच सांगतात, मीही सांगतो. मशीन अजिबातच उठलं नाही, तर पेन ड्राइव्हवरून उबुंटू लाइव्ह चालवून फाइली आधी बाहेर काढा. फॉरमॅट त्यानंतर.

आणि यूपीएसची बॅटरी पावसाळ्याआधी बदला. मोठं अपडेट जुलैत लावू नका, दिवाळीनंतर लावा.