ऐंशी सामने हरलेला संघ

जिंकलेल्या संघाचा फोटो पेपरात येतो. सगळे त्याची माहिती सांगतात. मी आज हरलेल्या संघाची माहिती देणार आहे. हा संघ एक नाही, दोन नाही, लागोपाठ ८० सामने हरला.

हा संघ कुठला?

अमेरिकेत टेक्सास नावाचे राज्य आहे. तेथे ह्यूस्टन शहराच्या वायव्येला प्रेअरी व्ह्यू नावाचे गाव आहे. त्या गावात एक मोठे कॉलेज आहे. ते १८७६ साली काळ्या लोकांच्या मुलांसाठी निघाले. त्या काळी गोऱ्यांच्या कॉलेजात काळ्या मुलांना घेत नसत. या कॉलेजच्या संघाचे नाव पँथर्स. त्यांचा रंग जांभळा आणि सोनेरी.

हा खेळ कसा असतो?

नाव फुटबॉल, पण हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. यातला चेंडू दोन्हीकडे टोक असलेला, लांबट असतो. तो हातात धरून पळतात किंवा पुढच्या गड्याकडे फेकतात. प्रत्येक बाजूला ११ गडी असतात. मैदानाची एक रेघ ते दुसरी रेघ १०० यार्ड. यार्ड म्हणजे वार. चार डावांत १० वार पुढे जायचे, म्हणजे आजीच्या नऊवारी लुगड्यापेक्षा एक वार जास्त. समोरचे गडी कबड्डीसारखे धरून खाली पाडतात. चार डावांत १० वार झाले नाहीत तर चेंडू दुसऱ्याकडे जातो. चेंडू शेवटच्या रेघेपार नेला की ६ गुण. मग लाथेने चेंडू खांबांच्या मधून मारला की आणखी १ गुण.

आधी हा संघ चांगला होता

हे वाचून कुणी म्हणेल, हा संघ पहिल्यापासूनच कच्चा असणार. तसे नाही. बिली निक्स नावाचे त्यांचे प्रशिक्षक होते. त्यांच्या वेळी हा संघ १९५३, १९५४, १९५८, १९६३ आणि १९६४ असा पाच वेळा काळ्यांच्या कॉलेजांत देशात पहिला आला.

मग हरायला का लागला?

पहिले कारण असे की, पुढे गोऱ्यांच्या मोठ्या कॉलेजांनी काळ्या मुलांना घ्यायला सुरुवात केली. ही गोष्ट चांगलीच झाली. पण त्यामुळे चांगले खेळाडू तिकडे जाऊ लागले.

दुसरे कारण पैशाचे. पैशाच्या व्यवहारात गडबड झाली म्हणून १९९० साली संघ बंदच ठेवला. १९९१ साली परत सुरू केला, पण खेळाडूंना शिष्यवृत्ती नव्हती. आपल्याला शिष्यवृत्ती म्हटले की परीक्षा आठवते. तिकडे चांगल्या खेळाडूलाही शिष्यवृत्ती देतात आणि त्यावर त्याचे शिक्षण होते. दुसऱ्या कॉलेजांत ती मिळे, इथे मिळत नसे. मग इथे कोण येणार? ज्यांना खेळायची हौस होती तेच आले.

किती हरला?

आपल्याकडे ज्वारीचा हंगाम असतो, तसा तिकडे या खेळाचा हंगाम असतो. १९९१ च्या हंगामात ते ११ सामने खेळले आणि ११ ही हरले. त्यांचे सगळे मिळून गुण ४८ आणि समोरच्यांचे ६१७! १९९१ ते १९९७ अशी सात वर्षे एकही विजय नाही. याआधी न्यूयॉर्कचे कोलंबिया हे कॉलेज लागोपाठ ४४ सामने हरले होते. पँथर्स त्याच्याही पुढे गेले.

मला यातली एक गोष्ट फार मोठी वाटते. १९९१ साली जो मुलगा संघात आला आणि चार वर्षे खेळून गेला, त्याने एकदाही विजय पाहिला नाही. तरी दर आठवड्याला तो अंगात जांभळा सदरा घालून मैदानात उतरला. कॉलेजचा बँडही जोरात वाजायचा. हरायचे ते हरायचेच, पण बँड काही थांबला नाही.

शेवटी जिंकला

२६ सप्टेंबर १९९८ या दिवशी त्यांनी लँगस्टन कॉलेजला १४–१२ असे हरवले. फक्त २ गुणांनी! आधीचा विजय १९८९ च्या ऑक्टोबरमधला होता. त्या वेळी जन्मलेले मूल एवढ्यात तिसरी-चौथीत गेले असेल. पुढे शिष्यवृत्त्या परत सुरू झाल्या. २००७ साली ते हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकले आणि २००९ साली त्यांच्या गटात पहिले आले.

यातून काय शिकावे?

लोक १९९८ च्या गड्यांचे कौतुक करतात. पण मधली पोरं खेळली नसती तर संघच उरला नसता. मग १९९८ ला कोण जिंकले असते?

आपल्या शाळेचा पट २३ आहे. खो-खोच्या संघाला १२ जण लागतात, म्हणून आपण दुसरीची पोरं पण घेतो आणि केंद्राच्या स्पर्धेत मोठ्या शाळांकडून हरतो. यंदा नाव देऊच नये असे काही जण म्हणतात. मला वाटते, नाव द्यावे. आपण का हरतो ते पण नीट बघावे. कारण कळले तर उपाय निघतो. घरी बसून काहीच कळत नाही.

स्वाध्याय

१. ६१७ मधून ४८ वजा करा.
२. ६ आणि १ हे गुण वापरून १४ गुण कसे होतील ते लिहा.
३. खो-खोसाठी नाव द्यायचे असेल तर फळ्याच्या डाव्या बाजूला लिहा. माझे लिहिलेले आहे.

— इयत्ता चौथी