प्राग शहर पायी फिरूया (नकाशावर बोट ठेवून!)

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, ऐतिहासिक शहर शिकवायचं म्हटलं की आपण सनावळी आणि इमारतींची यादी देतो. मुलं पाठ करतात नि विसरतात. यंदा मी चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग चौथीच्या मुलांकडून नकाशावर ‘चालवून’ घेतली. तुम्हीही घेऊन बघा.

जुन्या शहराच्या चौकातून निघा. इथलं खगोलीय घड्याळ १४१० सालचं. तिथे फार रेंगाळू नका, कार्लोवा गल्लीने थेट व्लटावा नदी गाठा. समोर चार्ल्स पूल. लांबी ५१६ मीटर. हा आकडा नुसता फळ्यावर लिहू नका, मुलांना तेवढं चालवा. आमच्या मैदानाला साडेतीन फेऱ्या झाल्या!

“बाई, पुरात पूल पडत नाही का?” एकीने विचारलं. खरा पाठ इथे सुरू झाला. आधीचा दगडी पूल १३४२ च्या पुरात गेला. राजा चौथ्या चार्ल्सने १३५७ मध्ये नवा बांधायला घेतला. १८९० च्या पुरात त्याच्याही काही कमानी कोसळल्या. २००२ च्या पुरात भुयारी मेट्रोत पाणी शिरलं, पूल मात्र टिकला.

पुलावरचे तीस पुतळे सगळेच दाखवतात. मुलांना पुलाजवळच्या काठाच्या भिंतीतलं दाढीवाल्या माणसाचं दगडी डोकं दाखवा. जुन्या काळी लोक त्यावरून पुराचा अंदाज घेत. पाणी दाढीला लागलं की जुन्या शहरातली सामानाची हलवाहलव सुरू!