निर्जन बेटावरील तंबू, तान्हे मूल आणि मचूळ पाणी

माळव्यात समुद्र नाही. त्यामुळेच की काय, आपल्या इंदूरच्या मराठी कुटुंबांना समुद्राची ओढ अंमळ अधिक. पूर्वी ही ओढ गणपतीपुळ्यापर्यंत, फार तर गोव्यापर्यंत जाऊन थांबत असे. अलीकडे मात्र लसीकरणासाठी आलेले तरुण आईबाप सहज विचारतात, "सर, बाळाला घेऊन लक्षद्वीपला जाऊ का? किनाऱ्यावर तंबूत राहायचं आहे." बंगारम आणि तिन्नकरा येथील पांढरी वाळू अन् निळे पाणी त्यांनी छायाचित्रांत पाहिलेले असते. जाऊ नका, असे मी कोणालाही सांगत नाही. मी एवढेच विचारतो, की तेथे बाळ पाणी कोणते पिणार?

हा प्रश्न ऐकून पालक किंचित हिरमुसतात. त्यांना शार्क, जेलीफिश, विषारी मासे यांविषयी ऐकायचे असते. परंतु लहान मुलाच्या बाबतीत बेटावरचा खरा धोका बहुधा पाण्याच्या भांड्यातच असतो, असे माझे मत आहे. आणि तो समजून घ्यायचा तर प्रथम बेट समजून घेतले पाहिजे.

लक्षद्वीपचा सारा भूभाग सुमारे ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या इंदूर शहराचा एक कोपरा. वस्ती फक्त १० बेटांवर. ही बेटे प्रवाळाची आहेत. तेथे नदी नाही, ओढा नाही. पावसाचे पाणी सच्छिद्र प्रवाळात आणि वाळूत मुरते व खालच्या खाऱ्या पाण्यावर हलकेपणामुळे तरंगत राहते. भिंगाच्या आकाराचा हा गोड्या पाण्याचा थर हीच बेटाची एकमेव ठेव. मध्ये जाड, कडेला पातळ. किनाऱ्याजवळच्या विहिरीतून उपसा वाढला, किंवा उन्हाळ्याच्या अखेरीस थर क्षीण झाला, की खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर मचूळ होते. याच अडचणीपोटी २००५ मध्ये कवरत्ती बेटावर समुद्राच्या पोटातील थंड पाण्याच्या साहाय्याने खारे पाणी गोडे करणारा, दिवसाला १ लाख लिटर क्षमतेचा प्रकल्प उभारण्यात आला. वस्तीच्या बेटांची ही कथा. मग निर्जन बेटावरील किनाऱ्याला लागून असलेल्या विहिरीचे काय, याची कल्पना वाचकांनीच करावी.

काही वर्षांपूर्वी अशाच एका बेटावरून मला दूरध्वनी आला. आवाज तुटत होता. चौदा महिन्यांची मुलगी, वजन नऊ किलो, आदल्या दिवसापासून पातळ जुलाब. पालक सुशिक्षित, ओआरएसची पाकिटे बरोबर नेलेली, एक लिटरचे माप बरोबर, चमच्याने पाजणेही बरोबर. तरीही मुलगी रात्रभर किंचाळत होती. आई म्हणाली, "जेवढं देतोय तेवढं घटाघटा पितेय सर, तरी तिची तहानच भागत नाही." ओठ कोरडे, पण डोळे फारसे खोल गेलेले नाहीत. पोटाची कातडी चिमटीत धरायला सांगितली, तर म्हणाली, "कणकेसारखी लागतेय."

मी विचारले, "ओआरएस ज्या पाण्यात कालवलंत, ते पाणी तुम्ही स्वतः चाखलंत का?"

"नाही सर," वडील म्हणाले, "आम्ही बाटलीचंच पितो. बाळासाठी मुद्दाम विहिरीचं उकळून घेतलं. चांगलं वीस-पंचवीस मिनिटं."

चाखून पाहिल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "खारट आहे हो."

मोठी माणसे सीलबंद पाणी पीत होती आणि बाळाला, केवळ काळजीपोटी, उकळलेले मचूळ पाणी मिळत होते. उकळण्याने जंतू मरतात. क्षार जात नाहीत. उलट पाणी आटले की ते घट्ट होतात. जंतूंसाठी पाण्याला खळखळून उकळी येऊन मिनिटभर राहिली तरी पुरते. पुढची वीस मिनिटे इंधन जाळून मीठच वाढवायचे.

येथे थोडे गणित आवश्यक आहे. सध्याच्या, म्हणजे २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारलेल्या ओआरएसमध्ये दर लिटरला सोडियम ७५ आणि ग्लुकोज ७५ मिलिमोल असते, एकूण ऑस्मोलॅरिटी २४५. समुद्राच्या पाण्यात सोडियम सुमारे ४७० मिलिमोल. विहिरीत विसावा हिस्सा समुद्र मिसळला, तर ते पाणी केवळ मचूळ लागेल. पण त्यात कालवलेल्या ओआरएसचे सोडियम ९८ च्या घरात जाईल. दहावा हिस्सा मिसळला तर १२२. विसाव्या हिश्शाचे पाणी उकळून निम्मे आटवले तरी हाच आकडा येतो. ओआरएसचे सोडियम ९० वरून ७५ वर आणण्यासाठी जगभरच्या बालरोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षे खल केला, आणि येथे एका विहिरीने ते सारे उलटे फिरवले! घरगुती मीठ-साखरेच्या पाण्याला तर हा आक्षेप अधिकच लागू पडतो. पावडरचे दूध अशा पाण्यात कालवले तरी तोच परिणाम. शिवाय समुद्राच्या पाण्यातील मॅग्नेशियम आणि सल्फेट रेचक असतात, हेही विसरता कामा नये.

मोठ्या माणसाचे मूत्रपिंड लघवी सुमारे १,२०० मिलिऑस्मोलपर्यंत दाट करू शकते. नवजात अर्भकाची मजल त्याच्या निम्म्याच्या आसपास संपते आणि पुढे महिन्यामहिन्याने वाढत जाते. रक्तातील सोडियम चढले की पेशींमधील पाणी बाहेर ओढले जाते. त्यामुळे नाडी आणि त्वचा फसवी चांगली वाटते, प्रत्यक्षात मेंदूच्या पेशी आक्रसत असतात. किंचाळी, न भागणारी तहान, कणकेसारखी त्वचा ही त्रयी आपण सर्वांनी एमबीबीएसला पाठ केलेली आहे. पण शहरात आता ती क्वचित दिसते, म्हणून दूरध्वनीवर ती ओळखण्याची सवय मोडली आहे.

मी त्यांना तयार द्रावण फेकून देण्यास सांगितले. सीलबंद बाटलीच्या पाण्यात नवे ओआरएस, दर दोन मिनिटांनी एक चमचा, स्तनपान अखंड चालू, आणि उजाडताच मिळेल त्या होडीने वस्तीच्या बेटावरील रुग्णालय. नुसते गोडे पाणी भरभरून पाजू नका, हेही बजावले. चढलेले सोडियम झपाट्याने उतरले तर मेंदूला सूज येते आणि झटके येतात. तेथील तपासणीत सोडियम १५७ आले. तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याने घाई न करता मुख्यतः तोंडावाटेच उपचार केले आणि दोन दिवसांनी ते १४६ वर आले. चोवीस तासांत १० ते १२ पेक्षा अधिक उतरू द्यायचे नाही, हा नियम त्यांनी काटेकोर पाळला. सारा दोष पाण्याचाच, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. जुलाब, ताप आणि दुपारचा बंद तंबू यांचाही त्यात वाटा असणार. उन्हात उभा असलेला बंद तंबू उन्हात लावलेल्या मोटारीसारखाच तापतो, आणि वजनाच्या मानाने मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असल्याने तो उष्माही लवकर शोषतो आणि पाणीही लवकर गमावतो.

ओआरएसचा महिमा आपल्याला नवा नाही. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये कालवलेले मीठ-ग्लुकोजचे पाणी नातेवाइकांच्या हाती दिले आणि कॉलऱ्याने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. तेही छावणीतले, तंबूतलेच औषध. मात्र पाकिटावर 'एक लिटर पिण्याचे पाणी' असे छापलेले असते, त्यातील 'पिण्याचे' हा शब्द आपण वाचतच नाही. गोड, फळांच्या चवीच्या खोक्यांवर 'ओआरएस' लिहिण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ते योग्यच झाले. प्रवासाच्या पिशवीत पालक तीच खोकी भरत असत. शहाळ्याचे पाणी निरोगी मुलाला उत्तम, पण त्यात पोटॅशियम भरपूर व सोडियम कमी. वाहत्या जुलाबात ते ओआरएसची जागा घेऊ शकत नाही.

इतर धोक्यांविषयी थोडक्यात. तंबू नारळाखाली ठोकू नये, आणि भरतीच्या रेषेच्या बराच वर ठोकावा. स्टोनफिश किंवा पाकटाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या, सुमारे ४५ अंश गरम पाण्यात पाय बुडवावा. पाण्याची ऊब मोठ्याने आधी स्वतःच्या हातावर पाहावी, मुलाच्या दुखऱ्या पायावर नव्हे. सुबक शंकूच्या आकाराचे जिवंत शंख मुलांनी उचलू नयेत; काहींचा दंश श्वासाचे स्नायू लुळे करतो आणि त्यावर प्रतिविष नाही. अंदमानला जाणाऱ्यांनी खाऱ्या पाण्यातील मगरी आणि मलेरिया हे दोन विषय वेगळे विचारावेत.

आता पालक आले की मी औषधांच्या यादीआधी तीन गोष्टी लिहून देतो. बाळाच्या नावाचे सीलबंद पाणी, दिवसाला निदान दोन लिटर, मोठ्यांच्या पाण्यापासून वेगळे. ओआरएसची २०० मिलिलिटरची छोटी पाकिटे, कारण मोठे पाकीट अर्धे वापरून उरलेले समुद्राच्या हवेत दमट होते आणि मग अंदाजपंचे कालवले जाते. आणि सर्वांत जवळच्या रुग्णालयापर्यंत होडीचे तास किती, रात्री होडी निघते का, याचे उत्तर तंबूवाल्याकडून आगाऊ विचारून घेतलेले. जून ते सप्टेंबर या काळात हे उत्तर बहुधा 'सांगता येत नाही' असेच येते, आणि ते आले की एक वर्षाखालील बाळाला घेऊन निघालेल्या पालकांना मी डिसेंबरची तारीख सुचवतो.