लायपझिगच्या खिडकीत तीन बिया

अकोला, जानेवारी २०२५

चि. ओंकार,

भांगेचं बी कसं उगवायचं हा तुझा प्रश्न आत्याला पोचला. आईला विचारायचा धीर झाला नाही म्हणून तो इकडे आला हे उघड आहे, तरी विचारलंस हे बरं केलंस. उभा जन्म बियाणं तपासण्यात गेलेल्या बाईला भांगेचं बी हे बाकीच्या बियांसारखंच एक बी. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून सज्ञान माणसाला स्वतःपुरती तीन झाडं घरी लावता येतात. त्यासाठी त्या देशात निदान सहा महिने राहिलेलं असावं लागतं, आणि तुझी दोन वर्षं होत आली. तेव्हा चोरून काही करण्याचं कारण नाही. मात्र हौस पुरवायची तर नीट समजून पुरवावी.

भांगेचं बी ज्वारीच्या दाण्याहून फारसं मोठं नसतं. वरचं कवच टणक, करड्या-तपकिरी रंगाचं, बहुधा नक्षीदार. हिरवट-पांढरं आणि चिमटीत दाबताच पिचकणारं बी कच्चं समजावं. आत जवळजवळ सगळा गर्भच असतो आणि त्याच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा तेल असतं. हे तेल हीच कोंबाची शिदोरी, आणि त्याची दुखरी बाजूही तीच. ऊब आणि दमट हवा मिळाली की तेल खवट होतं आणि बी आतल्या आत मरतं. बाहेरून काही कळत नाही. बीजशास्त्रात हॅरिंग्टन यांचा ठोकताळा प्रसिद्ध आहे: बियाण्यातला ओलावा एका टक्क्यानं किंवा साठवणीचं तापमान पाच अंशांनी कमी केलं, की आयुष्य जवळपास दुप्पट होतं. म्हणून उरलेल्या बिया घट्ट झाकणाच्या बाटलीत, सिलिका जेलच्या पुडीसकट, फ्रिजमध्ये ठेवाव्यात. किराणा दुकानात खाण्यासाठी मिळणाऱ्या सोललेल्या बिया मात्र पेरू नयेत, त्या उगवायच्या नाहीत.

आता मुख्य गोष्ट. नवख्या माणसाच्या हातून बी मरतं ते बहुतेक वेळा जास्त पाण्यानं. बी पाणी पितं, फुगतं, आतली विकरं जागी होतात, साठलेलं तेल साखरेत बदलू लागतं, आणि त्या क्षणापासून त्याला श्वास घ्यावा लागतो. चोवीस तासांपेक्षा जास्त वेळ पाण्यात बुडवून ठेवलेल्या बीला प्राणवायू कमी पडतो आणि ते कुजतं. मटकीला मोड आणताना तुझी आई काय करते ते आठव: रात्रभर भिजवायची, सकाळी पाणी पार निथळून टाकायचं, मग ओल्या फडक्यात बांधायची. इथेही तेच करायचं. रात्री साध्या पाण्यात भिजत घालावं, सकाळी बशीत स्वयंपाकघरातल्या कागदी रुमालाच्या दोन घड्यांमध्ये ठेवावं. कागद पिळला तर थेंब पडता कामा नये. वर दुसरी बशी पालथी घालावी, आणि दिवसातून एकदा उघडून हवा द्यावी. पाण्यात तरंगलेलं बी फेकून देण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. तो मानू नये. कवचाखाली हवा अडकली की चांगलं बीही तरंगतं.

ऊब वीस ते पंचवीस अंशांची पुरते. प्रयोगशाळेतही या पिकाची चाचणी साधारण याच पट्ट्यात होते. पहिली मोजणी तिसऱ्या दिवशी, शेवटची सातव्या दिवशी. तेव्हा दुसऱ्याच दिवशी बी मेलं असं ठरवू नये, आणि ते उकरूनही पाहू नये. तुझ्या खोलीत सध्या दोन जागा धोक्याच्या आहेत. हीटरवरची फळी तापते, आणि खिडकीच्या काचेलगत रात्री गारठा उतरतो. पुस्तकांच्या कपाटावरची जागा दोन्हींपेक्षा बरी. साधा थर्मामीटर आणून तिथं ठेव, अंदाजावर जाऊ नकोस.

कवच दुभंगून टोकदार बाजूनं पांढरं मूळ बाहेर येईल. त्यावर बारीक पांढरी लव दिसली की नवखे लोक बुरशी समजून घाबरतात आणि धुवायला जातात. ते मूळरोम असतात, पाणी शोषण्याची सगळी भिस्त त्यांच्यावर. बुरशी असेल तर ती कवचावर आणि कागदावरही पसरते, तिला कुबट वास येतो. मूळ अर्धा-पाऊण सेंटिमीटरचं झालं की बी कुंडीत हलवावं. त्याहून लांब वाढू दिलं तर ते कागदात गुंततं आणि सोडवताना मोडतं. मुळाला बोटानं शिवू नये, बीच्या कवचाला धरावं.

कुंडी लहान असावी, बुडाला भोकं असावीत, आणि माती हलकी. रोपांसाठी मिळणारी कमी खताची माती घेतलीस तर उत्तम. एक ते दीड सेंटिमीटर खोल बी ठेवून वर सैल माती सारावी. मूळ वर की खाली या चिंतेत वेळ दवडू नये. मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशींत स्टार्चचे जड कण असतात, ते खाली बसतात आणि मुळाला दिशा कळते. मातीत वाफसा राहिला पाहिजे. आपला शेतकरी मूठभर माती दाबून बघतो, तसंच तूही कर: मूठ ओली भासावी, पाणी गळू नये. सतत चिंब असलेल्या मातीत पिथियमसारख्या बुरशीनं रोप जमिनीलगत मऊ पडतं आणि आडवं होतं. मग त्यावर इलाज नाही.

मान वाकवून रोप वर येईल आणि दोन गोल बीजपत्रं उघडतील. कधी कवच टोपीसारखं डोक्यावर अडकून बसतं. त्यावर पाण्याचा थेंब सोडून एक दिवस वाट बघावी, ओढू नये. या दिवसांत खत अजिबात नको. बीजपत्रांतला साठा पुरतो, आणि खतातले क्षार कोवळ्या मुळांना भाजतात. उजेड मात्र ताबडतोब हवा. तिकडे जानेवारीत दिवस आठ-नऊ तासांचा, म्हणून एलईडीचा दिवा लावावा, नाहीतर रोप दोऱ्यासारखं लांबून लोळेल. कातरलेल्या कडांच्या पानांची पहिली जोडी आली की उगवण पार पडली असं समज.

बिया पेरायच्या किती? तीनच. दहा भिजवून तगतील ती ठेवू, हा हिशेब शेतात चालतो. तुझ्या कायद्यात झाडांची मर्यादा तीनची आहे. उगवलेलं प्रत्येक रोप मोजणीत धर. लहान मुलांचा आणि इतरांचा हात पोचणार नाही अशी जागा हवी, हीसुद्धा कायद्याची अट आहे. घरमालकीणबाईंची नातवंडं वर येतात असं तूच लिहिलं होतंस, तेव्हा खोलीला कुलूप लावत जा. घरी पिकवलेलं मित्राला फुकट देणंही तिथं मना आहे.

लावणं आणि ओढणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पंचविशीच्या आत मेंदूची घडण चालू असते, म्हणून तिथल्या क्लबांनाही अठरा ते एकवीस वयाच्यांना दहा टक्क्यांहून जास्त टीएचसी असलेला माल देता येत नाही. तू तेवीसचा आहेस. शिवाय ज्या घरात सायकोसिसचा आजार झालेला असतो तिथं धोका वाढतो, आणि विलासकाकांची आठ वर्षं कशी गेली ते तू डोळ्यांनी पाहिलं आहेस. आत्याचं मत स्पष्ट आहे: झाड वाढव, पण ओढू नकोस.

आणि मे महिन्यात येशील तेव्हा जाकिटाचे आणि बॅगेचे सगळे खिसे उलटे करून झटक. आपल्याकडच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात नुसतं बी गांजाच्या व्याख्येत बसत नाही, पण परवान्याशिवाय झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. शेंडा किंवा फुलाचा चुरा सापडला तर तो थेट गांजाच. इथल्या गच्चीवर लावून बघू, हा विचार मनातून काढून टाक. आईला हे सगळं तूच फोनवर सांग, या रविवारीच. ती आधी चिडेल, मग बिया कुठून आणल्यास ते विचारेल. युरोपीय संघातल्या देशांतून खासगी लागवडीसाठी बी मागवणं कायदेशीर आहे, तेव्हा पावती जपून ठेव आणि तिला दाखव.

तुझी,
आत्या