डॉक्टरांना किती मिनिटे मिळतात?

धाराशिव जिल्ह्यातील येरमाळा हे येडेश्वरीच्या डोंगराचे गाव. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला तेथे लाखो भाविक येतात. ऐन उन्हाळ्यात ऊन लागणे, जुलाब अशा तक्रारी होणारच. यात्रा पांगते, पण गावोगावचे आजार वर्षभर चालू राहतात. ते सर्वांत आधी कोण पाहतो?

खेड्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रे असावीत, असे भोर समितीने १९४६ साली सुचवले. आजच्या निकषाप्रमाणे सपाट प्रदेशात ३०,000 लोकांमागे एक केंद्र हवे.

आता एक गणित करू. प्रत्येक माणूस वर्षातून दोनदा केंद्रात आला असे धरा. भेटी झाल्या ६०,०००. कामाचे दिवस ३००, म्हणजे रोज २०० रोगी. दोन डॉक्टरांनी सहा-सहा तास रोगी तपासले, तर प्रत्येक रोग्याला मिळतात ३ मिनिटे ३६ सेकंद. एक जागा रिकामी राहिली, की उरतात १ मिनिट ४८ सेकंद!

एवढ्या वेळात काय साधणार? ताप हिवतापाचा असेल, डेंग्यूचा किंवा विषमज्वराचाही. ताप किती दिवसांचा, थंडी वाजते का, घरात आणखी कोणी आजारी आहे का, हे विचारावे लागते. उच्च रक्तदाब तर बहुधा दुखत-खुपत नाही; तो मोजला तरच कळतो. हृदयाचा तज्ज्ञ हृदय पाहतो. पण दुखणे कोणत्या अवयवाचे, हे आधी ओळखावे लागते. ते काम सामान्य डॉक्टरांचे. म्हणून ही विद्या दुय्यम नव्हे.

मग नवे डॉक्टर तिकडे का वळत नाहीत? अनेकांचा ओढा तज्ज्ञ होण्याकडे असतो. शिवाय खेड्यात राहायचे तर चांगले घर, मुलांची शाळा आणि सोबतीला सहकारी हवेत.

एक वाट जामखेडने दाखवली. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे काम सुरू केले. गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर असलेल्या स्त्रियांना त्यांनी बाळंतपण, लसीकरण व जुलाबावरील उपचार शिकवले. सोपी कामे गावातच झाली, की डॉक्टरांची मिनिटे कठीण रोग्यांसाठी वाचतात. मात्र सेविकेने पाठवलेला रोगी तपासायला केंद्रात डॉक्टर हवाच.

तुमच्या गावाच्या केंद्राखाली किती लोक येतात आणि तेथे डॉक्टर किती, हे विचारा. वरचे गणित पुन्हा मांडा. उत्तर किती मिनिटे येते?