सिमेंटची धूळ आणि काळी जमीन

कारखान्याच्या धुराने जमीन आम्लधर्मी होते, तेव्हा चुना टाकावा, असा सल्ला आपण ऐकला असेल. गंधकाचा धूर व चुना नसलेली जमीन असेल तेथे तो योग्यच आहे. परंतु चंद्रपूर जिल्ह्यातील गडचांदूर परिसरात, जेथे सिमेंट कारखाने व काळी जमीन शेजारी आहेत, तेथे तो पैसा वाया घालवील.

सिमेंटच्या धुळीत मुख्यतः चुन्याची संयुगे असतात. ओल मिळताच ती विम्लधर्मी होतात. काळ्या जमिनीचा सामू मुळातच बहुधा ७.५ ते ८.५ असतो, त्यात ही भर पडते. मग स्फुरद चुन्याशी बांधला जातो. लोह व जस्त जमिनीत असूनही मुळांना मिळत नाही. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला, तर लोहाची कमतरता समजावी. अशा वेळी युरिया वाढवून उपयोग नाही.

धूळ वरच्या थरात साचते. म्हणून नांगरणीपूर्वी वरच्या ५ सेंटिमीटरचा नमुना वेगळा घ्यावा व नेहमीचा २० सेंटिमीटरचा वेगळा. कारखान्यापासून दूरच्या तशाच जमिनीचा नमुनाही सोबत द्यावा, नाहीतर तुलना कशाशी करणार? सामू, मुक्त चुना, जस्त व लोह तपासून मागावे.

चुनखडीयुक्त जमिनीचा सामू खाली आणणे खर्चाचे काम आहे. त्यापेक्षा अहवालात जस्त कमी आल्यास हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्यावे. लोहासाठी ०.५ टक्के फेरस सल्फेटची फवारणी करावी. सुपर फॉस्फेट फेकू नये, बियाण्याच्या ओळीलगत पेरून द्यावे.